पहिले कार्ड हाती घेताना

चिरंजीवीस, अनेक आशीर्वाद.

पगाराच्या खात्याबरोबर डेबिट कार्ड मिळाले, आता क्रेडिट कार्डासाठीही फोन येऊ लागले आहेत, तेव्हा ते घ्यावे की नको, असे तू विचारले आहेस. घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र फोनवर ज्यांचे गुणगान चालते ते रिवॉर्ड पॉइंट, कॅशबॅक आणि विमानतळावरचे लाउंज हे सारे वरकड समज. बँकेत नोकरी केल्यामुळे मी हे खात्रीने सांगू शकतो की कार्डाचा मोठा लाभ दोन गोष्टींत आहे: खर्चाची नोंद राहते आणि व्यवहार फसला तर दाद मागता येते.

किराणा, औषधे, पेट्रोल असे नेहमीचे खर्च कार्डाने केले की महिन्याकाठी पैसा कुठे गेला हे आठवत बसावे लागत नाही, तारीखवार स्टेटमेंट समोर असते. ते पावत्यांशी ताडून पाहण्याची सवय पहिल्याच महिन्यापासून लाव. कित्येकदा दुकानाच्या पाटीवर एक नाव असते आणि स्टेटमेंटमध्ये मालकाच्या फर्मचे दुसरेच नाव उमटते. पावती जपलेली नसेल तर आपलीच खरेदी परकी वाटते आणि परकी नोंद आपली समजून सुटून जाते.

आता दाद मागण्याविषयी. पेट्रोल पंपावर मशीनवर व्यवहार अयशस्वी झाल्याचे दिसले, पण खात्यातून पैसे वळते झाले, अशी तक्रार घेऊन माणसे शाखेत येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पैसे बुडाल्याचीच भावना असे. वास्तविक अशा रकमेसाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मुदत ठरवून दिली: व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यावेत, आणि उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई मिळावी. मशीनमधून निघालेली चिठ्ठी, मग ती व्यवहार फसल्याची का असेना, म्हणूनच फेकू नये. तुझा काही दोष नसताना तिसऱ्याच कुणी तुझ्या कार्डावर व्यवहार केला, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. याउलट ओटीपी किंवा पिन स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे. खिशातून हरवलेल्या नोटांना असे कोणतेच संरक्षण नाही, आणि मला कार्डाचे मोल वाटते ते यासाठीच.

डेबिट कार्डात तुझे पैसे त्याच क्षणी जातात, क्रेडिट कार्डात बँकेचे जातात. त्यामुळे मागवलेली वस्तू आलीच नाही आणि वाद सुरू झाला, तरी तुझा पगार खात्यात सुरक्षित राहतो. शिवाय बिनव्याजी मुदत मिळते. समज, स्टेटमेंट १५ तारखेला निघते आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५ आहे. १६ जूनला केलेली खरेदी १५ जुलैच्या स्टेटमेंटमध्ये येईल आणि ५ ऑगस्टला भरावी लागेल, म्हणजे ५० दिवस मिळाले. तीच खरेदी १४ जूनला केली असती तर ५ जुलैलाच भरावी लागली असती. मोठी खरेदी कोणत्या तारखेला करावी हे यावरून तुझे तुलाच ठरवता येईल.

मात्र हा सारा लाभ बिल पूर्ण भरणाऱ्याचा आहे. २०,००० रुपयांच्या बिलापैकी ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे भरावीच लागणारी किमान रक्कम, म्हणून १,००० रुपये भरले, तर उरलेल्या १९,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे सुमारे ७८५ रुपये महिन्याला लागतात. पुढच्या महिन्यात तेवढेच १,००० भरलेस तर मुद्दल जेमतेम २१५ रुपयांनी कमी होईल, आणि मधल्या काळातल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळणार नाही. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणे तर टाळच, कारण तिथे पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते.

बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार स्वतंत्रपणे बंद-चालू करता येतात आणि प्रत्येकाची मर्यादाही ठरवता येते. परदेशी व्यवहार बंदच ठेव. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जाऊ शकतात, म्हणून ती मर्यादा आपल्या किराण्याच्या बिलाएवढी ठेवावी. दुकानदार डेबिट कार्डावर दोन टक्के जास्त मागू लागला, तर ते देऊ नकोस; त्याला लागणारे शुल्क ग्राहकाकडून वसूल करण्यास मनाई आहे.

पुढे घरासाठी कर्ज मागशील तेव्हा बँक ३०० ते ९०० यांमधला तुझा सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीला मिळालेले गुण, पाहील, आणि ज्याने कधी उधारीच घेतली नाही त्याच्याविषयी तिला ठरवायला काहीच आधार नसतो. वेळेवर भरलेली लहान लहान बिले तो आधार तयार करतात. तेव्हा मर्यादा लहान असलेले एकच कार्ड घे, आणि पगाराच्या खात्यातून बिल आपोआप भरण्याची सूचना देताना ‘मिनिमम ड्यू’समोर खूण न करता ‘टोटल ड्यू’समोरच कर.

तुझा,
काका