मुख्य साइटवर बंद दिसणारं प्लगइन डिलीट करू नका

तुम्ही लिहिलंय की डिचोलीतल्या तुमच्या संस्थेचे सव्वीस ब्लॉग एकाच वर्डप्रेस मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसवर चालणाऱ्या अनेक साइटींच्या नेटवर्कवर) आहेत, परवा सगळं एकदम अपडेट केल्यावर त्यातले सहा कोरे पडले, आणि आता मुख्य साइटवर जी प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे जादा प्रोग्राम) बंद दिसतात ती काढून टाकावीत का. शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. काढू नका. आज तर नकोच.

मी नेमकं हेच केलं होतं. फोंडा भागातल्या काही शाळा आणि वाचनालयांचे एकतीस ब्लॉग मी सांभाळतो. पेशाने गणिताचा शिक्षक, त्यामुळे मी सांगतो ते एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. आमच्या एका शाळेच्या मुलांनी माटोळीला (गोव्यात गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला) बांधायच्या वस्तूंचा कोश केला होता. घागऱ्यो, कांगणां, सुपारीचं शिपटं अशी एकेक नोंद, घरच्या आजीला विचारून लिहिलेली माहिती आणि फोटो. त्यासाठी एक कोशाचं प्लगइन फक्त त्या एका ब्लॉगवर चालू होतं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठवडा असताना मी साफसफाई काढली. नेटवर्क ॲडमिनच्या (सगळ्या ब्लॉगांचा कारभार एकत्र चालतो त्या पानाच्या) यादीत ते प्लगइन बंद दिसत होतं आणि खाली ‘डिलीट’ होतं. मी दाबलं. त्या यादीला नेटवर्कभर चालू केलेलं आणि मुख्य साइटवर चालू असलेलं, एवढंच कळतं. कोशाच्या, म्हणजे अकराव्या, ब्लॉगवर ते चालू आहे याचा तिथे मागमूस नसतो. प्लगइनच्या फाइली मात्र सगळ्यांना मिळून एकाच फोल्डरात असतात, त्यामुळे काढलं की सगळीकडून जातं. शिवाय डिलीट करताना प्लगइनचा स्वतःचा अनइन्स्टॉलचा कोड चालतो. या प्लगइनचा कोड प्रत्येक ब्लॉगवर फिरून आपली टेबलं, म्हणजे डेटाबेसमधले माहितीचे तक्ते, पुसणारा निघाला. तीनशेच्या वर नोंदी दोन सेकंदांत गेल्या. फोटो वाचले, कारण ते त्या ब्लॉगच्या अपलोड्सच्या फोल्डरात होते.

बॅकअप आहे म्हणून मी निर्धास्त होतो. होस्टिंगवाल्यांच्या करारात ‘रोजचा बॅकअप’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मदतकक्षाने पहिल्या दिवशी ‘आहे’ सांगितलं, दुसऱ्या दिवशी फाइलींची झिप पाठवली. त्यात डेटाबेस नाही म्हटल्यावर तक्रार दुसऱ्या विभागाकडे गेली, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. पाचव्या दिवशी उत्तर आलं की आमचा डेटाबेस ठरावीक आकाराच्या वर गेल्यापासून रात्रीच्या बॅकअपमधून आपोआप वगळला जात होता. आम्हाला एका ओळीची मेल पाठवायला त्यांना काय हरकत होती? मुलांनी वह्या शोधून पुन्हा टायपिंग केलं. काही वह्या रद्दीत गेल्या होत्या, त्या नोंदी परत आल्याच नाहीत. दोन आज्या तोवर वारल्या होत्या. हे आजही मनातून जात नाही.

तेव्हा आधी डेटाबेस स्वतः उतरवून घ्या आणि तो उघडून बघा. मग तुमचे सहा ब्लॉग. फाइली सगळ्यांच्या एकच असताना सहाच कोरे पडले, तर त्या सहांत काहीतरी समान आहे: एखादं प्लगइन नाहीतर थीम. पीएचपीएमवायॲडमिनमध्ये (होस्टिंगवर डेटाबेस उघडून बघायचं साधन) त्या ब्लॉगच्या क्रमांकाचं ऑप्शन्सचं टेबल उघडा (सातव्या ब्लॉगचं wp नंतर ७ असलेलं) आणि ‘ॲक्टिव्ह प्लगइन्स’ ही ओळ वाचा. सहाही ओळी शेजारी ठेवल्या की बहुधा एकच नाव समान निघेल. मग एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली थेट हाताळायची सोय) त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. प्लगइन थांबतं, पण अनइन्स्टॉल चालत नाही आणि टेबलं जशीच्या तशी राहतात. मी त्या दिवशी एवढंच करायला हवं होतं. नाव बदललेलं असताना त्या ब्लॉगचं प्लगइनचं पान मात्र कोणी उघडू नये. उघडलं की वर्डप्रेस ते बंद म्हणून नोंदवतं आणि नंतर हाताने चालू करावं लागतं.

बिघाड झाल्यावर वर्डप्रेस रिकव्हरीची मेल पाठवतं, ही सोय २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत आली. तुम्हाला ती मिळाली नाही याचं नवल नाही. मल्टिसाइटवर ती सोय चालतच नाही.

माझं मत, पटलं तर घ्या: नेटवर्कभर चालू ठेवायची प्लगइन चारच्या वर नसावीत, आणि ब्लॉगचालकांना प्लगइनचा मेनू दिसूच नये. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये तो बंद ठेवता येतो. प्लगइनचं आपोआप अपडेट मी बंदच ठेवतो. सुरक्षेसाठी ते चालू हवं असं अनेकजण म्हणतील. ज्यांना रोज लक्ष देणं शक्य नाही त्यांच्या बाबतीत त्यांचं बरोबर असेल, पण मी दर शनिवारी एकेक हाताने करतो आणि प्रत्येकानंतर चार ब्लॉग उघडून बघतो. चवथ, निकाल आणि प्रवेशाच्या आठवड्यांत काहीच नाही.

आणखी एक, कोअर (खुद्द वर्डप्रेसच्या) अपडेटनंतर ‘अपग्रेड नेटवर्क’ दाबलंत का ते बघा. ते पाच-पाच ब्लॉग घेत ब्राउझरच्या भरवशावर पुढे सरकतं. पावसात वीज गेली किंवा टॅब बंद झाला तर उरलेले ब्लॉग तसेच राहतात. पुन्हा पहिल्यापासून दाबा, झालेल्यांना काही अपाय होत नाही. त्या सहा ओळींत कोणतं नाव समान निघालं ते इथे लिहा, मी रात्री दहानंतर बघतो.