पावसाळ्याआधी माणसं जमवताना

नागपूर, मेचा पहिला आठवडा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

चाळीस बंगल्यांच्या लॉनचं वर्षभराचं काम तुला मिळालं हे वाचून फार आनंद झाला. पण त्याच मेसेजमध्ये तू लिहिलंस, पाऊस लागला की मजुरांच्या ठिय्यावरून चार-पाच माणसं उचलू. म्हणून हे पत्र. पाऊस लागल्यावर माणसं शोधायला निघालास तर जुलै हातचा गेला असं समज. आणि पुढच्या वर्षी तुला ठेवायचं की नाही, हे घरमालक जुलै-ऑगस्टमधलं लॉन बघूनच ठरवतो.

आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला येतो. दोन चांगल्या सरी पडल्या की मेक्सिकन गवत असो की हरळी, गवत दहा दिवसांत कापायला येतं. नेमकं त्याच वेळी शेतही माणसं ओढतं. काटोल-नरखेडकडे कापूस-सोयाबीनची पेरणी आणि मग निंदण, म्हणजे तण काढणं, तर रामटेक-मौद्यापासून भंडारा, गोंदिया, पार बालाघाटपर्यंत जुलैत धानाची रोवणी. शहरात राबणारे बरेच मजूर याच पट्ट्यातले. गावाहून फोन आला म्हणून निघालेला माणूस रोवणी आटोपेपर्यंत परत येत नाही. त्याच्यावर चिडू नकोस, त्याचं वर्षाचं धान्य त्या पंधरा दिवसांवर असतं.

आता याची दुसरी बाजू बघ. पावसात शहरातलं बांधकाम मंदावतं. खोदकाम थांबतं, बाहेरचं प्लास्टर थांबतं, बाहेरचं रंगकाम तर बंदच पडतं. ज्या बिगाऱ्याला गावाकडे शेत नाही, जो बायको-मुलांसह नागपुरातच राहतो, त्याचे हाल याच तीन-चार महिन्यांत होतात. तुला तोच माणूस हवा. म्हणून बोलणं सुरू करताना पहिला प्रश्न एकच ठेव: गावाकडे शेत आहे का, आणि रोवणीला कोण जातं? अनुभव किती, मशीन येते का, हे नंतर. मशीन दोन दिवसांत शिकवता येते, शेत विसरायला कोणालाच शिकवता येत नाही. शेतवाला माणूस चांगला वाटला तर त्याचं नाव वहीत टाक. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन लॉन लावायला तो कामाचा आहे.

किती माणसं लागतील हे आधी कागदावर मांड. हजार-दीड हजार चौरस फुटांच्या बंगल्यात कापणं, कडा काढणं, गवत गोळा करून झाडून घेणं, हे सगळं धरून दोघांची जोडी दिवसाला चार घरं नीट करते. पाचवं घर केलं तर शेवटची दोन घरं उरकलेली दिसतात. पावसाळ्यात महिन्याला तीन फेऱ्या धर, म्हणजे 120 भेटी. सुट्ट्या वगळून 26 दिवस, त्यातले सहा पावसात जाणार, उरले 20. एका जोडीच्या 80 भेटी होतात, म्हणजे दीड जोडी लागते, म्हणून दोन जोड्या. हिवाळ्यात गवताची वाढ मंदावते, महिन्याला एक फेरी पुरते आणि तेवढ्याला एका जोडीचे दहाच दिवस जातात. तेव्हा एक जोडी बारमाही ठेव. हंगामी म्हणून दुसरी जोडी, निंदणाऱ्या दोन बाया आणि एक जास्तीचा माणूस घे. हा जास्तीचा माणूस उधळपट्टी वाटेल. पण जोडीतला एक जण तापाने पडला की दुसराही रिकामा होतो आणि चार घरांचे फोन तुला येतात.

अजून एक. नागपुरात लॉन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी लग्नाचं लॉन येतं. शेवटचे मुहूर्त संपले की ते सगळे मालक तुडवलेलं गवत दुरुस्त करायला एकदम फोन करतात, आणि तुळशीच्या लग्नाआधी पुन्हा. काम चांगलं आहे, पैसाही रोख. पण त्यासाठी बंगल्यांवरची जोडी काढलीस तर वर्षभराचे ग्राहक दुखावशील. माणसं उरत असतील तरच हो म्हण.

माणसं शोधायला ठिय्यावर जा, पण सकाळी आठला नको. तेव्हा ज्याला-त्याला आजच्या रोजीची घाई असते. साडेनऊ-दहानंतर जे उरतात त्यांच्याशी शांतपणे बोलता येतं. नर्सरीवाल्यांना विचार, मातीच्या पिशव्या भरणारी, रोपं हलवणारी माणसं त्यांना माहीत असतात. सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे तुझी बारमाही जोडी. त्यांनी आणलेला माणूस सहसा दांडी मारत नाही, कारण मान त्यांची जाते. फक्त दोन्ही जोड्या एकाच घरातल्या होऊ देऊ नकोस. घरात लग्न निघालं की चौघंही एकदम गायब होतील. आणि राहायला कुठे आहे ते बघ. पारडी-कळमन्याकडचा माणूस बेसा-मनीषनगरच्या फेरीवर टाकलास तर तो सायकलने पोचेपर्यंतच दमलेला असेल. त्याला सिव्हिल लाइन्स-धरमपेठची फेरी दे.

घेण्याआधी दोन तासांचं काम करून बघ, आणि त्या दोन तासांचे पैसे दे. मशीन हातात देऊ नकोस. खुरपं दे आणि लव्हाळ्याचा एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा दाखव. आता त्याचे हात बघ. काही जण पात धरून उपटतात. ती जमिनीलगत तुटते, तुकडा झटकन साफ दिसतो, पण खालची गाठ जागेवरच राहते आणि आठवड्यात पुन्हा कोंब वर येतो. जाणकार हात खुरप्याचं टोक पातीपासून दोन बोटं लांब, तिरकं खुपसतो, माती उचलतो आणि बोटांनी चाचपून काळपट गाठ बाहेर काढतो. गाठीला दोरा लागलेला असेल तर तो धरून दुसरी गाठ शोधतो. असा माणूस एका तासात अर्धाच तुकडा करेल. तरी तोच घे. निंदणाच्या कामाला बायांना आधी विचार, कापूस-सोयाबीनमध्ये निंदलेल्या बाईचा हात यात बसलेला असतो. रोजी मात्र पुरुषाइतकीच दे, कायदाही तेच सांगतो. बंगल्यावर बाथरूम वापरू देणार का हे घरमालकाशी आधीच बोलून ठेव. हे कोणी बोलत नाही, आणि मग बाया तिसऱ्या दिवशी काही न सांगता येणं बंद करतात.

आता पैशांचं. किमान वेतनाचा दर कामगार विभागाकडून बघून घे. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, म्हणजे तुझ्या हंगामाच्या मधोमध आकडा हलतो. ठिय्यावरचा चालू रोज त्याहून जास्त असेल तर तोच दे. त्याखाली कोणी टिकणार नाही. हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, ठरलेल्या वारी दे, त्यांच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. घरमालकाने तुझं बिल थकवलं हा तुझा प्रश्न, त्यांचा नाही. जूनमध्ये दोन महिन्यांच्या मजुरीइतकी रक्कम बाजूला नसेल तर चाळीसऐवजी तीस घरं घे. उचल मागतील, पोरांच्या शाळेचे दिवस असतात. दे, पण एका हप्त्याच्या मजुरीपुरतीच. वहीत त्याच्यासमोर लिही आणि चार हप्त्यांत कापून घे. मोठी उचल फिटत नाही, आणि न फिटलेल्या उचलीपायी माणूस काम सोडतो, फोनही उचलत नाही.

माणसं मधेच सोडून जातात त्याचं सगळ्यात मोठं कारण पावसाचा दिवस आहे. पाऊस आला, काम नाही, पैसे नाहीत असा बहुतेकांचा हिशेब असतो. सात वाजता भिजत आलेला माणूस दहा वाजता रिकाम्या हाताने घरी गेला की त्याच आठवड्यात तो दुसरं काम बघतो. तू अर्धी रोजी दे आणि तेवढा वेळ शेडमध्ये काम घे. पात्यांना धार लावायची, ब्रश कटरच्या, म्हणजे खांद्याला अडकवून गवत कापायच्या मशीनच्या, हेडमध्ये 2.4 मिमीची नायलॉन दोरी गुंडाळायची, एअर फिल्टर धुऊन वाळवायचे. सहा दिवस, पाच हंगामी माणसं, अर्धी रोजी, म्हणजे महिन्याला पंधरा रोज. हा खर्च दर सांगतानाच त्यात धर. हंगाम पुरा करणाऱ्याला दसऱ्याला आठ दिवसांची रोजी बक्षीस म्हणून दे. पण रोजच्या मजुरीतून कापून साठवलेले पैसे बक्षीस म्हणून देऊ नकोस. ते त्यांचेच पैसे आहेत आणि त्यांना ते कळतं. या सगळ्या गोष्टी अर्ध्या पानावर लिही, मराठीत आणि बालाघाट-सिवनीकडच्यांसाठी हिंदीत, आणि वाचून दाखव.

कागदपत्रांत आधारची झेरॉक्स, फोटो, घरच्या एका माणसाचा नंबर. अठराच्या आतला मुलगा घेऊ नकोस, बापाबरोबर आला तरी. प्रत्येकाच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा आहे का विचार. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70, आणि मुदत 1 जून ते 31 मे, तुझ्या हंगामाला अगदी जुळणारी. ते 20 रुपये तू भर. पण एवढ्यावर भागत नाही. स्वतःच्या नावाने कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढ. माणसं दहा झाली की ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, बघावं लागतं, तेव्हा सल्लागाराकडे जा.

शिकवणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन सकाळी, सहा ते दहा. नवतप्याची, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांची, धग तेव्हा उतरलेली नसते, दहानंतर मैदानावर कोणी उभं राहू नये. पहिली गोष्ट पेट्रोल. टू-स्ट्रोक ब्रश कटरला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं. मशीनच्या पुस्तकात 25:1 असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. फोर-स्ट्रोक मोअरला, म्हणजे ढकलायच्या लॉन मशीनला, साधं पेट्रोल, ऑइल वेगळं. नवा माणूस घाईत साधं पेट्रोल ब्रश कटरमध्ये ओततो, पिस्टन जाम होतो आणि मशीन भर हंगामात दुरुस्तीला जाते. दोन रंगांचे डबे ठेव आणि मिसळण्याचं काम एकाच माणसाकडे दे. डब्याचं झाकण घट्ट हवं. पेट्रोलमधलं इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं.

दुसरी गोष्ट उंची. आठ दिवस झड लागली, गवत चार इंच झालं, आणि ऊन पडताच माणसाने एका झटक्यात पाऊण इंचावर आणलं. खालचे पिवळे दांडे उघडे पडतात, दुपारच्या उन्हात करपतात, आणि मालकीणबाई म्हणतात तुमच्या पोराने लॉन मारलं. एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. चार इंचांचं पावणेतीनवर आण, चार-पाच दिवसांनी पुन्हा जा. काळी माती ओली असताना मोअर आत घालू नको. टाच दाबून बघायला शिकव. खळग्यात पाणी आलं किंवा चिखल बुटाला चिकटला तर आज फक्त कडा आणि निंदण.

युरिया आणि तणनाशक हंगामी माणसाच्या हाती देऊ नकोस. युरिया चौरस मीटरला दहा ग्रॅम, ओल्या पात्यांवर पडला की ठिपके जळतात, म्हणून पाती सुकल्यावर टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. मुठीने फेकणाऱ्याला हे साधत नाही. फवारणीत माणसाच्या जिवाची बाब आहे. 2017 साली यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुला ठाऊक आहे.

गॉगल, गमबूट आणि पिंडऱ्यांचे गार्ड तू विकत घे, मापाने. सुरू करण्याआधी दगड, खिळे, पाइपचे तुकडे वेचायचे, आणि मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कोणी नको, विशेषतः घरातली मुलं. गमबुटाचं दुसरं कारण घोणस. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटला लागून असलेल्या बंगल्यांमध्ये ती गवतात पडून असते. चावली तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. 108 ला फोन किंवा गाडीत घालून सरळ मेडिकल किंवा मेयो, या सरकारी दवाखान्यांपैकी एकात. हे वाक्य प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घे.

पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, हे दोन दिवस कोणी येणार नाही असं धरूनच फेऱ्या लाव आणि घरमालकांना आठवडाभर आधी कळव. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपासच्या रस्त्यांवर गर्दी असते, आणि तुझ्या माणसांपैकीही अनेकांना तिथे जायचं असेल. त्या दिवशी रामदासपेठची घरं ठेवू नको.

हंगाम उतरला की ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसव, हजेरीबुक उघडून हिशेब वाच, उचल वजा करून पैसे हातात दे. ज्याला पुढच्या वर्षी बोलवायचं त्याला तिथेच सांग, आणि जानेवारीत एक फोन कर. नंबर बदललेला असतो, म्हणून घरच्या माणसाचा तो दुसरा नंबर.

आज मेचा पहिला आठवडा आहे. उद्यापासून ठिय्यावर जायला लाग. पहिली यादी झाली की मला पाठव, नावांपुढे शेत आहे की नाही ते लिहून.

तुझा
काका