वस्तीतून बायकांचा वेगळा डेटा घेतल्यानं हवामान धोरणात खरंच काही बदलतं का?

हो, बदलतं. तुम्ही विचारलंय की बायका-पुरुषांची वेगवेगळी माहिती गोळा करून काही उपयोग होतो का, की नुसते रिपोर्ट भरतात. मी नागपूरची, दोन उन्हाळे इथल्या एका टिनाच्या वस्तीत घरोघरी फिरून फॉर्म भरलेत, तर तिथलंच सांगते.

आमच्या पहिल्या फॉर्मवर प्रश्न होता, घरात कूलर आहे का? नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे कूलर गरिबाघरीपण असतो, सेकंडहँड का होईना. बहुतेकांनी हो म्हटलं आणि कागदावर ती घरं उन्हापासून सेफ झाली. मग नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, एका ताईकडे दुपारी दोनच्या सुमारास गेले. कूलर पुढच्या खोलीत, तिथे सासरे झोपलेले, आणि ही मागे टिनाखाली पोळ्या टाकत होती, हवेचा झोत तिथवर पोचतच नव्हता. कूलरमध्ये पाणी कोण भरतं विचारलं तर म्हणे मीच, दिवसाला आठ-दहा बादल्या जातात. आणि पाणी टँकरचं, टँकर यायचा दुपारी एकला! म्हणजे ज्या कूलरमुळे आम्ही ते घर सुरक्षित धरलं त्यालाच पाणी पाजायला ही बाई भर उन्हात ड्रम घेऊन रांगेत. ऑफिसात बसून मला हे कधीच सुचलं नसतं.

त्यानंतर फॉर्म बदलला. घराऐवजी एकेका माणसाला विचारायचं, काल १२ ते ४ तुम्ही कुठे होता, काय करत होता, पाणी किती प्यालात. बांधकामावर जाणाऱ्या बायका सरळ म्हणाल्या की साइटवर संडास नाही म्हणून पाणी कमीच पितो. देशाच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेतही, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो याच्या सरकारी पाहणीत, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८, पण त्यातली किती मिनिटं तापलेल्या टिनाखाली गेली ते वस्तीत गेल्याशिवाय कळत नाही ना.

आता धोरणाचं. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत खूप माणसं गेली म्हणून अहमदाबादनं २०१३ मध्ये हीट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे उन्हापासून लोकांना वाचवायचा शहराचा आराखडा, केला, नंतर आपल्या नागपुरातही आला. पाणपोया, दुपारी उघड्या बागा, सिग्नलवर हिरवी जाळी, सगळं चांगलंच आहे, पण हे सगळं रस्त्यावरच्या माणसासाठी. घरात राहून ऊन लागणारी बाई त्यात दिसत नाही कारण ती मोजलीच गेली नाही. वर जागतिक पातळीवर २०१९ ला माद्रिदच्या हवामान परिषदेत जेंडर अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे हवामानाच्या कामात बायका-पुरुष दोघांचा विचार करायचा आराखडा, ठरला, त्यातही बायका-पुरुषांचा वेगळा डेटा ठेवा असं म्हटलं होतं, पण तो डेटा शेवटी कोणीतरी असाच दारोदार फिरून आणायचा असतो.

आम्ही तासावार तक्ता केला, कोण कुठल्या वेळी रांगेत, आणि वस्तीतल्या चार बायकांनाच घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसला गेलो. दोन चकरा झाल्या, मग टँकर सकाळी आठला यायला लागला. टिनावर पांढरा चुना मारायची मागणी अजून अडकलीय, त्यात आमचं म्हणणं एवढंच आहे की सगळ्यांना पुरत नसेल तर आधी स्वयंपाक होतो त्या खोलीवर मारा.

तुम्ही करणार असाल तर एक सांगते, नवरा-सासरे समोर बसलेले असताना विचारू नका, ती म्हणते मला कुठे काय होतं. आम्ही नंतर टँकरच्या रांगेतच उभं राहून फॉर्म भरले.