जर्मन येत नाही, तर सोप्रानो (उंच स्त्री-आवाज) आणि पियानोच्या जर्मन गीतांचं कोणतं एक रेकॉर्डिंग आधी ऐकावं?

सोप्रानो गायिका एलिझाबेथ श्वार्झकॉफ आणि पियानिस्ट एडविन फिशर यांनी 1952 साली ध्वनिमुद्रित केलेली, संगीतकार शूबर्टची 12 गीतं आधी ऐका. भाषा कळत नसली तरी अडत नाही, कारण अर्ध्याहून अधिक गोष्ट पियानोच सांगतो. त्यातलं ‘ग्रेट्शेन आम श्पिनराडं’ (चरख्यापाशी ग्रेट्शेन) घ्या. शूबर्टनं हे 1814 मध्ये, वयाच्या 17 व्या वर्षी रचलं; शब्द जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातले. चरख्यावर सूत कातणारी मुलगी प्रियकराच्या आठवणीत आहे. पियानोवादकाचा उजवा हात चाक फिरवत राहतो, डावा चरख्याची पायानं चालवायची पट्टी दाबतो. मुलीला प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि पियानो एकदम थांबतो. मग चाक अडखळत, दोनदा थबकून पुन्हा फिरू लागतं. ही जागा मी कितीदा तरी ऐकली आहे, अजून अंगावर काटा येतो! फिशर इथे नुसती साथ करत नाही, बरोबरीनं गातो म्हणा ना.

एवढंच की ध्वनी मोनो (स्टिरिओ नसलेला) आहे, आणि श्वार्झकॉफचं एकेक अक्षर घडवत गाणं काहींना फार कोरीव वाटतं. तसं झालं तर सोप्रानो एली अमेलिंग आणि पियानिस्ट डाल्टन बाल्डविन यांची शूबर्टची गीतं ऐका. आवाज साधा, निर्मळ. मात्र गाण्याच्या अर्थाचा कागद पहिल्यांदा तरी समोर ठेवाच.