बुद्धिमत्ता आनुवंशिक असेल तर शिक्षणावर खर्च कशाला? जुळ्यांचे अभ्यास नेमके काय सांगतात

आपला प्रश्न असा आहे की, बुद्धिमत्ता निम्म्याहून अधिक आनुवंशिक असते असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसत असेल, तर मुलांच्या शिक्षणासाठी एवढा आटापिटा करण्यात काय अर्थ आहे? मी संख्याशास्त्र शिकवतो आणि ही शंका वर्गात वरचेवर ऐकतो. त्यातला आकडा बहुधा बरोबर असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

जुळ्यांकडे पाहून निसर्ग आणि संगोपन यांचा वाटा शोधावा, ही कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये मांडली. आजची पद्धत मात्र १९२० च्या दशकात आकाराला आली. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेली जुळी या बाबतीत साध्या सख्ख्या भावंडांसारखीच, म्हणजे माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपुरती सरासरी निम्मी सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच वेळी, एकाच घरात वाढतात. त्यामुळे पहिल्या प्रकारात जे जास्तीचे साम्य आढळते ते जनुकांच्या खात्यावर मांडता येते. समजा, एखाद्या चाचणीच्या गुणांचा सहसंबंध, म्हणजे जोडीतील दोघांचे गुण किती जुळतात याचे माप (१ म्हणजे पूर्ण जुळणी), पहिल्या गटात ०.८ आणि दुसऱ्या गटात ०.५ निघाला. हा ०.३ चा फरक जनुकांच्या निम्म्याच साम्यामुळे पडलेला असल्याने त्याची दुप्पट करायची, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा ६० टक्के. पहिल्या गटातील ०.८, म्हणजे ८० टक्के साम्यातून हे ६० वजा केले की उरणारा २० टक्के वाटा दोघांना समान लाभलेल्या घराचा ठरतो आणि उरलेल्या २० टक्क्यांत वेगवेगळे शिक्षक, मित्र, आजारपणे, निव्वळ योगायोग आणि मोजमापातील चुकाही येतात.

आता हे ६० टक्के कशाचे? एका मुलाच्या बुद्धीचे नव्हे, तर त्या विशिष्ट लोकसमूहात, त्या काळात, माणसामाणसांत आढळणाऱ्या फरकांचे. उंचीचे उदाहरण घ्या. सुस्थितीतील समाजांत उंचीतील फरकांपैकी सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो, तरीही दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटीमीटरनी वाढली. एवढ्या काळात जनुके बदलत नाहीत. आहार आणि आरोग्य बदलले. म्हणजे आनुवंशिकतेचा आकडा कितीही मोठा असला तरी परिस्थिती सुधारल्यावर काय होईल, हे तो सांगत नाही.

या विषयात जन्मतः दुरावलेल्या जुळ्यांच्या कहाण्या फार रंगवून सांगितल्या जातात. अमेरिकेतील जेम्स लुईस आणि जेम्स स्प्रिंगर १९७९ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी एकमेकांना भेटले, तेव्हा दोघांच्याही पहिल्या बायकोचे नाव लिंडा आणि दुसरीचे बेटी असल्याचे निघाले. वाचायला गंमत वाटते, पण बायकोचे नाव काही जनुकांत लिहिलेले नसते, आणि त्या पिढीच्या अमेरिकेत लिंडा आणि बेटी पैशाला पासरी होत्या. माझ्या मते याहून मोलाचे आहे ते कंटाळवाणे काम : २०१५ मध्ये पन्नास वर्षांतील २,७०० हून अधिक जुळे-अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हजारो गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली.

पद्धतीवर एक आक्षेप रास्त आहे. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांना आईवडील सारखे कपडे घालतात, एकाच पद्धतीने वागवतात, मग जास्तीचे साम्य वागणुकीमुळेही आले नसेल कशावरून? हे तपासण्यासाठी संशोधकांनी आपली जुळी एका बीजांडाची की दोन, याबद्दल ज्यांच्या आईवडिलांचाच समज चुकीचा होता अशी जुळी शोधली. तेव्हा साम्य प्रामुख्याने पालकांच्या समजुतीनुसार नव्हे, तर जनुकांच्या खऱ्या नात्यानुसार आढळले. त्यामुळे आक्षेप पुरता मिटत नाही, पण त्याची धार बरीच कमी होते. उलट बाजूही विसरू नये. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारात एका जुळ्याला आजार असला, तर तंतोतंत सारखी जनुके असलेल्या दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. जनुकांपलीकडेही काहीतरी घडते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या पद्धतीने क्वचितच मिळाला असता.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांचे आहे. २००३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांचे बुद्ध्यंक तपासले. सुखवस्तू घरांतील मुलांमधील फरक मुख्यतः आनुवंशिक होते. गरीब घरांत मात्र जनुकांचा वाटा जवळजवळ शून्यावर आला आणि सुमारे ६० टक्के फरक सामाईक घरगुती परिस्थितीने ठरले. जिथे पोषण आणि पुस्तके सगळ्यांना पुरेशी मिळतात तिथे जनुकांमुळे पडणारे फरक दिसू लागतात. जिथे ती मिळत नाहीत तिथे कोणते घर वाट्याला आले, यावरच बरेचसे ठरते. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हा परिणाम अमेरिकेत टिकला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात आढळला नाही. तेथे शाळा आणि आरोग्यसेवा सर्वांना बऱ्यापैकी समान मिळतात, हे त्याचे कारण असावे असे संशोधकांनी सुचवले आहे.