इंग्रजीतला 'बेडलम' हा शब्द आला कुठून?

'बेडलम म्हणजे नेमकं काय, आणि गोंधळाला हे नाव कसं पडलं?' असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात इंग्रजी शिकवते, म्हणून इथलंच उदाहरण देते. कापसाच्या गाड्या रात्रीपासून रांगेत लागलेल्या असतात, दुपारी खरेदी केंद्रावर 'आज काटा बंद' असं सांगतात, आणि मग जो कल्ला होतो, कोणी कोणाचं ऐकत नाही, ते बेडलम. नुसता पसारा असेल, आवाज नसेल, तर हा शब्द बसत नाही.

शब्द मात्र एका दवाखान्याचा आहे. लंडनमध्ये १२४७ साली 'सेंट मेरी ऑफ बेथलेहेम' नावाचा मठ सुरू झाला. बेथलेहेम म्हणजे येशूचं जन्मगाव. पुढे मठाचा दवाखाना झाला. १४०३ च्या तपासणीत तिथे सहा मनोरुग्ण असल्याची नोंद आहे. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं बेथलेम झालं, त्याचं बेडलम. सतराव्या शतकात कुठल्याही गदारोळाला लोक हेच म्हणू लागले.

त्या काळी लंडनचे लोक सणावाराला तिथे रुग्ण बघायला जात, जत्रेला जावं तसे. १७७० साली त्यावर बंधनं आली. म्हणजे तिथला गोंगाट एकट्या रुग्णांचा नव्हता, बघ्यांचाही होता. १८१४ मध्ये जेम्स नॉरिस नावाचा रुग्ण तिथे वर्षानुवर्षं लोखंडी पट्ट्यांत जखडलेला आढळला, आणि पुढच्याच वर्षी संसदेच्या समितीने वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी केली.

हे मी वर्गात मुद्दाम सांगते. नागपूरला मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौक म्हणतात. आपल्या माणसाला तिथे न्यायचं म्हटलं की गावात घरचे आधी लपवतात, बाहेरचं काही असेल म्हणून मांत्रिकाकडे नेतात, आणि उपचाराला उशीर होतो. नावाची भीती आजारापेक्षा मोठी होते, याचा मला फार राग येतो.

आता वापराचं. 'इट वॉज बेडलम' म्हणा. आधी 'अ' सहसा लागत नाही, अनेकवचनही वापरत नाहीत. माणसाला उद्देशून हा शब्द कधीच वापरू नका. आवाज नसलेल्या अव्यवस्थेला 'केऑस' लिहा. तो ग्रीक शब्द आहे, मूळ अर्थ पोकळी.