निसर्गोपचार आणि डिटॉक्स आहारानं जुनाट आजार खरंच बरे होतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) १.७ आलंय. एका निसर्गोपचारकांनी एकवीस दिवसांचा रसाहार सुचवलाय. त्यानं शरीरातले टॉक्सिन निघून किडनी सुधारते, असं ते म्हणतात. करावं का?

नाही. क्रिएटिनिन १.७ असताना रसाहार करू नका. उत्तर एवढंच आहे. पुढचं सगळं मी तुमच्यापेक्षा माझ्या ताईसाठी लिहितोय. चालेल तर वाचा.

मी गेली एकोणीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लोकांचं रक्त मशीनमध्ये घालणं आणि आकडे बाहेर काढणं हा माझा धंदा. त्यामुळे घरात मी आकड्यांचा माणूस आणि ताई निसर्गाची बाई, अशी वाटणी फार पूर्वीच झाली होती. बाबांना साठीनंतर मधुमेह निघाला तेव्हा मी म्हणालो, गोळ्या वेळेवर घ्या, बाकी काही होत नाही. ताई म्हणाली, आधी ताटात बघा. ती त्यांना एका निसर्गोपचारकांकडे घेऊन गेली. मी आठवडाभर टिंगल केली.

आणि मग व्हायचं तेच झालं, म्हणजे मी तोंडावर आपटलो. त्या गृहस्थांनी बाबांची साखर, गोड पेयं, मैदा आणि रात्रीचं उशिराचं जेवण बंद केलं. सकाळ-संध्याकाळ चालायला लावलं. आठ महिन्यांत तेरा किलो वजन उतरलं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९ वरून ६.२ वर आला. ते सॅम्पल मी स्वतःच लावलं होतं, त्यामुळे शंका घ्यायलाही जागा नव्हती. डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळीचा, मेटफॉर्मिनचा, डोस अर्ध्यावर आणला.

आता मला माहीत आहे की यात चमत्कार काही नव्हता. २०१७ साली ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींचा आहार दिला. वर्षानंतर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. वजन जितकं जास्त उतरलं तितकं यश जास्त. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी कमी झाली की इन्शुलिनचं काम पुन्हा रुळावर येतं, असं त्यामागचं कारण मानतात. 'आहारानं काही होत नाही' म्हणणारा डॉक्टर भेटला तर तो माझ्यासारखाच आळशी आहे. पण तिथले संशोधक त्याला 'रेमिशन' म्हणतात, बरं झालं म्हणत नाहीत, कारण वजन परत चढलं की साखरही परत येते. शिवाय गोळ्या बंद केल्या होत्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

माझी टिंगल अशी अंगाशी आल्यावर मी गप्प बसलो. खरी चूक इथं सुरू झाली. मी गप्प बसलो म्हणजे विचारणंच सोडलं.

बाबांचं क्रिएटिनिन दोन वर्षं १.८ च्या आसपास होतं. साखर उतरली तरी ते उतरेना. मग निसर्गोपचारक म्हणाले, आता खोलवरचं शुद्धीकरण करू. पालक, बीट, टोमॅटो, गाजर, संत्रं यांचा रस दिवसातून तीन वेळा, एकवीस दिवस. ताईनं ज्यूसर आणून दिला. मला कोणी काही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी मी नेहमीच्या तपासणीसाठी बाबांचं रक्त घरीच काढलं. पाय जड झालेत, जिना चढवत नाही, असं ते म्हणत होते. मी म्हणालो, वय झालं. लॅबमध्ये गेलो, ट्यूब फिरवली, मशीनला लावली. पोटॅशियम ७.१. लाल अक्षरात.

लॅबमधल्या कुणालाही विचारा, असा आकडा दिसला की पहिला विचार येतो 'सॅम्पल हिमोलाइज झालं'. शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर ते बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा चढतो. पण तसं झालं की सीरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर उरणारं पाणी, लालसर दिसतं. मी ट्यूब उजेडात धरली. सीरम स्वच्छ पिवळं. एकोणीस वर्षांत मी हजारो ट्यूब अशा धरल्या असतील, पण ती लाल निघावी अशी इच्छा त्या दिवशी पहिल्यांदा झाली. परत लावलं. ७.२.

घरी फोन केला. आई म्हणाली, "अरे, ते झोपलेत. रस घेतला आणि म्हणाले, अंगात त्राणच नाही."

मी विचारलं, कसला रस?

पुढचं भराभर सांगतो, कारण ते आठवायला मला आवडत नाही. नाडी ४२. ईसीजीच्या रेघेतल्या टी-वेव्ह नावाच्या लाटा तंबूसारख्या टोकदार, म्हणजे पोटॅशियम हृदयापर्यंत पोचल्याची खूण. हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, मग पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायला ग्लुकोजबरोबर इन्शुलिन, आणि संध्याकाळी एक डायलिसिस. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. सातच्या पुढे हृदय कधी थांबेल याची खात्री देता येत नाही. बाबा वाचले. क्रिएटिनिन मात्र २.२ वर जाऊन बसलं आणि परत १.८ कधीच झालं नाही.

चार दिवस आधी ताईनं त्या निसर्गोपचारकांना फोन करून बाबांच्या अशक्तपणाबद्दल विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, हा हीलिंग क्रायसिस आहे, विष बाहेर पडताना असं होतंच, चांगलं लक्षण आहे. या वाक्यावर माझा खरा राग आहे. रुग्णाला बरं वाटलं तर उपचार लागू पडला, वाईट वाटलं तर उपचार फारच लागू पडला! हरण्याची सोयच नाही. आमच्या लॅबमध्ये असं मशीन असतं तर आम्ही ते भंगारात काढलं असतं.

आता टॉक्सिनबद्दल. कुणीही हा शब्द वापरला की एकच विचारायचं: नाव काय त्याचं? शिसं असेल तर ते रक्तात मोजता येतं आणि त्यावर डीएमएसए किंवा ईडीटीएसारखी औषधं आहेत. अमोनिया असेल तर यकृत त्याचा युरिया करतं आणि किडनी तो लघवीतून काढते. निरोगी किडनी दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. डिटॉक्स म्हणतात तो हाच. नाव नसलेलं, मोजता न येणारं आणि फक्त पॅकेज विकत घेतल्यावरच निघणारं टॉक्सिन मी अजून पाहिलेलं नाही.

ही कल्पना नवीनही नाही. आतड्यात मळ साचून शरीराला विषबाधा होते, या समजुतीवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढत. म्हणजे हा वेडेपणा फक्त निसर्गवाल्यांची मक्तेदारी नाही, हेही कबूल करतो. 'लिव्हर फ्लश'मध्ये तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी जे हिरवे खडे पडतात, ते २००५ साली तपासले गेले. पित्ताचे खडे नव्हतेच, त्याच तेलाचा पोटात बनलेला साबण होता. आणि पाय बुडवल्यावर पाणी तपकिरी करणारं ते मशीन? ते मी पाय न बुडवता चालू करून बघितलंय. मीठ घातलेल्या पाण्यात लोखंडी इलेक्ट्रोड गंजतो. पाणी तपकिरी होतंच. विकणारा माणूस माझ्याकडे असं बघत होता की जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हे वाक्य तर कृपा करून म्हणू नका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी घेतलेल्या चिनी वनौषधींच्या गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी दुसरी, ऍरिस्टोलोकिया नावाची, गेली. शंभरहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या, कित्येकींच्या कायमच्या गेल्या. पुढे त्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. शंभर टक्के वनस्पतीच होती ती.

पण मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या एका रानटी रोपातच आहे, आणि हृदयाचं डिजॉक्सिन फॉक्सग्लोव्हच्या कुळातलं. वनस्पतीत औषध असतं यावर माझा ताईइतकाच विश्वास आहे. ज्यात औषध असतं त्याला डोसही असतो, एवढंच माझं म्हणणं. पालकाच्या शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. जेवणात माणूस पालक किती खाईल? ज्यूसरमधून एका ग्लासात जुडीच्या जुडी उतरते. धडधाकट किडनी ते सहज बाहेर टाकते. बाबांच्या किडनीला ते जमणारं नव्हतं. विष काढायला म्हणून दिलेल्या रसातलीच एक गोष्ट विष झाली.

ताई आजही म्हणते, "रस एकटा दोषी नव्हता." आठ वर्षं आमचा हा वाद चालू आहे. दर दिवाळीला निदान एकदा तरी निघतो आणि आई उठून आत जाते.

तर ताई, ऐक. तू बरोबर आहेस. बाबा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत होते. त्या गोळीनं किडनीचं रक्षण होतं, पण पोटॅशियम बाहेर पडणं कमी होतं. एकही दिवस चुकवायची नाही, म्हणून मी रोज फोन करायचो. गोळी डॉक्टरांना माहीत होती, रस माहीत नव्हता. रस निसर्गोपचारकांना माहीत होता, गोळीबद्दल त्यांनी विचारलं नाही. माझी गोळी आणि तुझा रस बाबांच्या रक्तात भेटले.

आणि अजून एक. डिस्चार्जच्या वेळी आहारतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरात मीठ कुठलं वापरता? सोडियम कमी म्हणून ते मीठ मीच आणलं होतं, सहा महिन्यांपूर्वी. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकिटावर लिहिलेलं होतं. मी, लॅबवाला, वाचलं नाही. ते पाकीट मी त्याच रात्री फेकलं आणि तुला कधी सांगितलं नाही.

(हे मीठ सरसकट वाईट नाही. चीनमध्ये वीस हजारांवर लोकांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ ला आले, त्यानं पक्षाघात कमी झाले. पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं.)

बाबांना मी नंतर विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तू ओरडला असतास." ओरडलो असतो, हे खरंय.

तर तुम्ही आईवर ओरडू नका. त्या निसर्गोपचारकांनी चालणं, वजन, वेळेवर जेवण, गोड बंद असं सांगितलं असेल तर ते जरूर करू द्या, आणि त्यांना नावं ठेवू नका. मात्र साखर उतरू लागली की मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो, नाहीतर साखर खाली कोसळते. रस, काढे, चूर्ण, मीठ, गोळ्या, सगळं एका कागदावर लिहा आणि तोच कागद डॉक्टर आणि निसर्गोपचारक दोघांना दाखवा. जो बघायला नकार देईल त्याच्याकडे परत जाऊ नका, मग तो कोणत्याही पॅथीचा असो.

हे मी एका माणसाच्या अनुभवावरून लिहिलंय आणि मी डॉक्टर नाही. ज्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत त्यांनी पालक सोडायचं काही कारण नाही. तुमच्या आईची भाजी कशी शिजवायची, फळं कोणती, किती, हे तिचे रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही नाही.

तुम्ही फक्त क्रिएटिनिन लिहिलंय. पोटॅशियम किती आहे? केलेलं नसेल तर उद्या सकाळी करा. आणि रक्तदाबाच्या गोळीचं नाव काय?